चावी रोह्याला, करवत पेणला

पेण
१४ जुलै २०२५

अहमदचाचा यांस,

तुम्ही दिलेली करवत काल दुपारी सुखरूप पोचली. टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली आणि पाचवा मी, सूचना द्यायला. अनिताच्या गणपतीच्या कारखान्यात मागच्या भिंतीला तिची जागा केली आहे. आईने तिच्यावर हळदकुंकू वाहिलं. टेबलाच्या वर लोखंडी हात, त्या हाताला उलटी टांगलेली मोटर आणि पातं, असं यंत्र तिने पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, ‘ही बाई वाकून लादी पुसतेय की काय?’

अडचण एकच. करवत सुरू होत नाही. स्विचमध्ये एक बारीक खाच आहे, तिथे तुमच्याकडे पाहिलेली ती पिवळी चावी बसत असणार. ती मिळत नाही. टेम्पो झाडून पाहिला, टेम्पोवाल्याला दोनदा फोन केला, खाली सांडलेली शाडू चाळणीने चाळली. सामान उतरवताना मी यादी केली होती आणि यादीत चावी नाही. म्हणजे चावी आलीच नाही, किंवा यादी करताना मी चुकलो. अठरा वर्षं कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये काढल्यामुळे मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते.

घाई एवढ्यासाठी की वडखळच्या बाजूच्या एका मंडळाला मी शब्द दिला आहे. पाच फुटी मूर्तीखाली आठ बाजूंचा लाकडी चौथरा, वीस ऑगस्टपर्यंत. सत्तावीसला चतुर्थी. आठ तुकडे, प्रत्येकाची दोन्ही टोकं तिरकी, आणि सगळे एकमेकांत असे बसायला हवेत की वर एवढी जड मूर्ती निर्धास्त बसेल. चावी हाती नसताना मी हो म्हटलं, हे बरोबर होतं का याचा विचार चालू आहे.

तुमचा,
सुजय

ता. क. पत्र हर्षदबरोबर पाठवतो आहे. माझा हा मेहुणा, अनिताचा भाऊ, रोह्याला रोज शिफ्टला येतोच. तुम्ही फोन उचलत नाही.

*

रोहा
१६ जुलै

सुजयला अहमदचा सलाम.

चावी हरवली नाय. माझ्या सदऱ्याच्या खिशात हाय. मुद्दाम ठेवली.

फोन पण मुद्दाम उचलत नाय. फोनवर माणूस हो चाचा, हो चाचा करतो आणि ठेवला की विसरतो. कागदावर ‘हो’ लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात शंका येते. मला तुझी शंका पायजे.

मस्कतला सत्तावीस वर्षं मी हिच्यावर काढली. दुसऱ्या करवतींत आपण लाकूड पुढे ढकलतो. हिच्यात लाकूड जागेवर गप बसतं आणि पातं तुझ्याकडे येतं. आणि येताना तू ओढतोस तेवढंच येईल असं समजू नको. लाकडात दात रुतले की ते आपसूक तुझ्या अंगावर धावतं, पाला दाखवलेल्या बोकडासारखं. तेव्हा हाताने ओढायचं कमी, आवरायचं जास्त. सरळ कापताना हे एकपट धोक्याचं, तिरकं कापताना दुप्पट, कारण लाकूड पण बाजूला सरकायला बघतं.

तीन प्रश्न देतो. लिहून उत्तर पाठव. आठ बाजूंसाठी करवतीचा हात किती अंशांवर फिरवशील? लाकूड धरणारा पंजा पात्यापासून किती लांब? आणि कोन बदलायचा तर सगळ्यात आधी काय करशील?

माझ्या डाव्या हाताचं पहिलं बोट तू बघितलंयस. एक पेर कमी हाय. उत्तर लिहिताना ते डोळ्यासमोर ठेव.

अहमद

*

पेण
१९ जुलै

अहमदचाचा यांस,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. राग आला नाही. थोडा आला, पण तो माझ्यावरच होता.

पहिलं उत्तर: पूर्ण फेरा तीनशेसाठ अंशांचा, बाजू आठ, म्हणजे पंचेचाळीस. हे मी बी.एस्सी.ला गणित घेतल्याच्या विश्वासावर लिहितो आहे.

दुसरं: पंजा पंधरा सेंटिमीटर लांब. टेबलावर लाल रंगाची रेघ मारून घेतली आहे. खरं तर सोळावर मारली, एक सेंटिमीटर मनःशांतीसाठी. शिवाय लाकूड नुसतं हाताने धरणार नाही, मागच्या पट्टीला शिकंज्याने आवळणार, म्हणजे ते सरकणार नाही.

तिसरं: प्लग काढणार. मग काढला आहे का ते बघणार. नंतर मी अजून एकदा बघतो. हे उत्तरात यावं की नको हे ठरत नव्हतं, पण लपवण्यासारखं काही नाही म्हणून लिहिलं.

जाता जाता एक निव्वळ माहितीचा प्रश्न. करवत ओढणारा माणूस डावखुरा असेल तर काय बदलतं?

सुजय

*

रोहा
२२ जुलै

सुजय,

पंचेचाळीसवर कापलंस तर चौकट होते बाबा, चार बाजूंची. आठ तुकड्यांच्या दोन चौकटी होतील. एकीत गणपती बसव, दुसरीत तू बस.

कोपरा पंचेचाळीसचा खरा, पण तो दोन तुकडे मिळून करतात. अर्धा याने, अर्धा त्याने. साडेबावीस. आता ऐक. कोनाच्या पट्टीवरची साडेबावीसची खूण मस्कतच्या वाळूने पुसली हाय. अंदाजाने लावशील आणि अर्ध्या अंशाने चुकशील. अर्धा अंश म्हणजे काहीच नाय असं वाटतं. टोकं कापायचीत किती? सोळा. सोळा अर्धे म्हणजे आठ अंश, आणि शेवटच्या सांध्यात मांजर जाईल. म्हणून आधी पडीक फळीचे आठ तुकडे कापायचे, जमिनीवर मांडायचे, फट बघायची. चांगल्या लाकडाला त्यानंतर हात.

दुसरं उत्तर पास. तिसरं जरुरीपेक्षा जास्त पास.

आता तुझ्या माहितीच्या प्रश्नाचं. डाव्याने ओढलं तर उजव्याने लाकूड धरायचं, उजव्या बाजूला. दोन हातांची फुली कधी झाली नाय पायजे, बस. पण तू उजव्या हाताने लिहितोस, जेवतोस, आणि लहानपणी माझ्या झाडाच्या कैऱ्यांना दगड पण उजव्याने मारायचास. हर्षद परवा आमच्याकडे चहा प्यायला. कप डाव्या हातात. समजलं मला. करवत हर्षद चालवणार. रात्रपाळी करून आलेला माणूस, खारी बिस्कीट चहात बुडवून तिथेच विसरला. त्याला पात्याजवळ उभा करशील तर चावी सावित्री नदीत टाकीन.

अहमद

*

पेण
२६ जुलै

अहमदचाचा यांस,

हर्षदने तुमचं पत्र वाटेत वाचलं असावं. आल्या आल्या त्याने मला सांगितलं की रोह्याला कुंडलिका आहे, सावित्री महाडला. आणि तो उजवाच आहे. त्या दिवशी उजव्या हातात बिस्कीट होतं.

डावखुरी अनिता आहे. करवत ती ओढणार आहे. हे मी मागच्या पत्रातच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही याचं कारण तुम्ही नाही म्हणाल अशी भीती, आणि दुसरं कारण, ते लिहिताना मी कसा दिसेन ही भीती. दुसरं मोठं होतं.

माझ्या डायरीतलं अठरा जुलैचं पान उतरवतो: ‘हातकरवतीने पडीक फळीवर सराव. मध्येच थांबलो. शंका, रेघ आत ठेवायची की बाहेर. पुन्हा सुरू. पुन्हा थांबलो. एका कापाला अकरा मिनिटं. चौथ्या वेळी अनिता दारात उभी.’ ती म्हणाली, ‘तुम्ही मोजा. ओढीन मी.’

तुम्हीच लिहिलंत की पातं अंगावर येतं आणि ते एका दमात आवरत आणायचं. मी अर्ध्यावर थांबणारा माणूस आहे. अनिता मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. या हंगामात तिच्या डाव्या हाताखालून नऊशेवर मूर्ती गेल्या. पापणीची रेघ ती कशी ओढते ते तुम्ही पाहिलं आहे. सुरुवात केली की शेवटीच ब्रश उचलते.

पण तोच हात आहे चाचा. त्याला काही झालं तर चौथरा राहू दे, पुढच्या सगळ्या गणपतींचे डोळे राहतील. आणि ती गप्प राहून सगळं सोसेल, ते वेगळं. मी तिला पुढे करतो आहे की तिच्या वाटेतून बाजूला होतो आहे, हे मला आठ दिवस ठरवता आलेलं नाही. तुम्ही ठरवा.

सुजय

*

रोहा
२९ जुलै

सुजय,

ठरवलं. नाय.

मंडळाला सांग गोल चौथरा करतो, चौकोनी करतो, नायतर लाकूड इकडे पाठव, मी कापून देतो. माझे गुडघे उभं राहू देत नाहीत, पण स्टूलावर बसून बघीन. अनिताच्या हाताला करवत लावणार नाय. बोट माझं बघितलंयस, आता परत परत नको लिहायला लावू.

अहमद

*

रोहा
१ ऑगस्ट

अनिता गो,

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते. हर्षदला सांगितलंय, तुझ्याच हातात दे.

तुझ्या नवऱ्याची पत्रं हे मला वाचून दाखवतात. सोळा सेंटिमीटरला मी खूप हसले. पण शेवटच्या पत्राला हे हसले नाहीत. उत्तर लिहून पाठवलं आणि संध्याकाळभर अंगणात बसले. म्हणून सांगते.

ते बोट करवतीने गेलेलं नाय. आमच्या अफानच्या लग्नात घडीची खुर्ची उघडताना सापडलं. मांडवात. हातात बिर्यानीचं ताट होतं. मस्कतमध्ये सत्तावीस वर्षांत ह्यांना साधा ओरखडा आला नाय, आणि इथे येऊन खुर्चीने खाल्लं. लोक विचारतात तेव्हा हे नुसते बोटाकडे बघतात आणि श्वास सोडतात. पुढचं लोक आपणच समजतात.

ही खोड आहे, पण वाईट माणूस नाय. घाबरलेत. नवऱ्याच्या पत्रातून तू कशी हायस ते त्यांना कळत नाय. त्याच्या पत्रात सगळीकडे तोच असतो. तूच लिही. काय वाटतं ते लिही. चावी आता खिशात नाय. सदरा धुवायला टाकला तेव्हापासून माझ्या मसाल्याच्या डब्यात, दालचिनीच्या वाटीत हाय.

तुझी,
नफिसाचाची

*

पेण
४ ऑगस्ट

अहमदचाचांना अनिताचा नमस्कार.

मी पत्रं लिहीत नाही. चूकभूल द्यावी.

तुम्ही ह्यांना तीन प्रश्न विचारलेत. मला कोणी विचारले नाहीत, म्हणून मीच एक घालते. तुकडा कापून सुटा पडला की तो उचलायचा कधी? हे कागदावर कागद भरून लिहितात, पण ही गोष्ट त्यांनी लिहिलेली नाही. मी वीज बंद ठेवून पाच दिवस पातं नुसतं पुढे-मागे ओढून बघितलं. सारखं मनात येतं की कापलेला तुकडा पटकन बाजूला घ्यावा. तिथेच हात जाईल. तर माझं उत्तर असं: आधी पातं मागच्या पट्टीपलीकडे नेऊन ठेवायचं, बटण बंद, पातं फिरायचं पूर्ण थांबलं की मग तुकडा. मध्ये कोणी हाक मारली तरी नाही.

भीती मलाही वाटते. आखणीला बसते तेव्हाही वाटते, दरवर्षी पहिल्या मूर्तीला. भीती वाटते म्हणून हात जपून चालतो. ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी मी ब्रश घेणार नाही.

माझा हात माझा आहे, हे तुम्हा दोघांच्या पत्रांत कुठे दिसलं नाही. तो जपायचा कसा, ते तुम्हाला माहीत आहे आणि मला शिकायचं आहे. शिकवणार नसाल तर तसं मला लिहा, ह्यांना नको.

अनिता

*

रोहा
७ ऑगस्ट

अनिता बेटी,

मी ज्यांना ज्यांना हे काम शिकवलं, त्यांच्यातल्या एकाने पण तो प्रश्न आपणहून विचारला नव्हता. पास.

दुसरं. बोट खुर्चीत गेलं. नफिसाने तुला कळवलं हे हर्षदच्या तोंडावरून कळलं, तो आल्यापासून आमच्या खुर्च्यांकडे बघतोय. दहा बोटं शाबूत असलेल्या माणसाचं सुरक्षेबद्दल कोणी ऐकत नाय, हा माझा अनुभव. ते बोट गेल्यापासून सगळे ऐकायला लागले. म्हणून मी खुलासा केला नाय. तुझ्याशी तसं करायला नको होतं.

बुधवारी तेराला मी येतो. चावी आणीन. डोळ्यांना चष्मा आणीन. तू एवढं कर: साडी नाय, अंगाबरोबर बसणारा ड्रेस, ओढणी नाय, केस बांधलेले. हातमोजे घालू नको, ते पात्यात ओढले जातात. हातात घड्याळ, दोरा, अंगठी, बांगडी, काही म्हणजे काही नाय.

अहमदचाचा

*

पेण
९ ऑगस्ट

अहमदचाचा यांस,

सगळं जमलं, बांगड्या अडल्या.

श्रावण चालू आहे. कालच नारळी पौर्णिमेला अनिताने हिरव्या बांगड्या भरल्या, दोन्ही हातांत सहा-सहा. आईला तुमची अट वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘श्रावणात सवाष्णीचे हात बोडके? नवरा समोर उभा असताना? माझ्या डोळ्यांदेखत नाय होणार.’ मी म्हटलं, अर्ध्या दिवसाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, माझ्या वेळी पण लोक असंच म्हणाले होते. बाबा गेले तेव्हा तिच्या बांगड्या उतरवणाऱ्या बायकांचं ती बोलत होती.

बांगड्या वर सरकवून कापडाने बांधल्या तर चालेल का? मी कापडाचे तीन प्रकार बघून ठेवले आहेत.

सुजय

*

रोहा
११ ऑगस्ट

सुजय,

चालणार नाय. कापड सुटतं, काच खाली येते, पुढचं लिहीत नाय.

तुझ्या आईला, सीताबाई वहिनींना, माझा सलाम सांग. त्यांचं चूक हाय असं मी म्हणणार नाय. माझं पण चूक नाय. मी बुधवारी येतो. वहिनी हो म्हणाल्या तर चावी फिरवू, नाय म्हणाल्या तर चहा पिऊन परत जाईन.

अहमद

*

पेण
१५ ऑगस्ट

नफिसाचाची यांस,

तुम्ही हर्षदबरोबर निरोप पाठवलात की बुधवारी काय झालं ते सविस्तर लिही, कारण चाचा घरी येऊन नुसतं ‘झालं’ म्हणाले आणि जेवून झोपले. लिहितो. सविस्तर लिहिण्याबद्दल मला आजवर कोणी विनंती केली नव्हती.

चाचा दहाच्या सुमारास आले. आई कारखान्याच्या दारातच पाट टाकून बसली होती, म्हणजे तिला ओलांडल्याशिवाय कोणी करवतीपाशी जाऊ शकत नव्हतं. चाचा तिच्यासमोर उभे राहिले. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येईना आणि ती उठेना. दोघांनी आधी पावसाची, भाताची, मग तुमच्या सुनेची चौकशी केली. बांगड्यांचा विषय कोणी काढेना. अनिता मागे केस बांधून तयार उभी होती.

शेवटी आईच म्हणाली, ‘अहमद, काचेने खरंच हात जातो काय रे?’

‘जातो वहिनी.’

‘डोळ्यांनी बघितलंयस?’

खुर्चीची गोष्ट अनिताने मला सांगितली होती, म्हणून वाटलं, आता चाचा बोटाकडे बघून श्वास सोडणार. त्यांनी हात पाठीमागे घेतला आणि म्हणाले, ‘नाय. मी कुणाला बांगडी घालून उभं राहूच दिलं नाय, म्हणून बघितलं नाय.’

मग आईने निकाल दिला. बांगड्या उतरवून खाली ठेवायच्या नाहीत. अनिताने त्या नवऱ्याच्या हातात द्यायच्या. नवऱ्याच्या हातात आहेत तोवर त्या उतरवल्या असं होत नाही, फक्त पलीकडे गेल्या असं होतं. आणि नवऱ्याने त्या काम संपेपर्यंत खाली ठेवायच्या नाहीत. हा शास्त्रार्थ तिने तिथेच, पाटावर बसून केला. मी विचारलं, दोन्ही हातांत धरायच्या का? ती म्हणाली, ‘सहा डाव्या हाताच्या, सहा उजव्या हाताच्या. मिसळू नको.’

चाचांचा चेहरा उजळला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले की मदत करायला येणारा नवरा हाच त्यांना पात्यानंतरचा मोठा धोका वाटत होता, आणि वहिनींनी तोही मिटवला.

साबण लावून एकेक बांगडी निघाली. मी दोन्ही मुठी भरून भिंतीला टेकून उभा राहिलो. प्लग काढलेला आहे का हे मला बघायचं होतं, पण बघायला वाकता येईना. चाचांनी करवतीचा हात फिरवून कोन लावला, अनिताने पक्का आवळला, मग प्लग लावला, आणि चाचांनी खिशातून चावी काढून तिच्या तळहातावर ठेवली. दालचिनीचा वास आला.

पहिले आठ तुकडे पडीक फळीचे. जमिनीवर मांडले तर शेवटच्या सांध्यात आंतरदेशीय पत्र जाईल एवढी फट. चाचांनी कोन केसभर हलवला. पुन्हा आठ. या वेळी फट नाही. चाचा म्हणाले, आता सागवान.

अनिताने प्रत्येक वेळी तेच केलं. लाकूड आवळलं. उजवा हात लाल रेघेच्या पलीकडे ठेवला. बटण. मग डाव्या हाताने पातं पुढे घेतलं. ते अंगावर येताना दिसत होतं, आणि तिचा दंड ताठ होऊन त्याला अडवत अडवत आणतानाही दिसत होता. न थांबता, घाई न करता. मग मागे. बटण बंद. पातं थांबेपर्यंत ती त्याच्याकडे बघत उभी. मग तुकडा.

अकराव्या कापाला काप इतका स्वच्छ आला की चाचांना राहवलं नाही. बटण बंद झालं होतं, पण पातं अजून फिरत होतं. त्यांनी तुकडा उचलायला हात पुढे केला.

‘चाचा, हात मागे.’

तिचा आवाज चढला नव्हता. माझ्याशी किंवा आमच्या लेकीशी, सुरभीशी, बोलतानासुद्धा तो इतका शांत नसतो. चाचांनी हात मागे घेतला. पातं थांबलं. मग ते आईकडे वळून म्हणाले, ‘वहिनी, हिला मी काय शिकवणार?’ आणि स्टूल ओढून, लाल रेघेपासून चांगले तीन हात लांब जाऊन बसले. उरलेले पाच काप त्यांनी तिथूनच पाहिले. जाताना त्यांनी चावी मागितली नाही.

सोळा काप झाले. चौथरा जुळवला. शेवटचा तुकडा ठोकावा लागला नाही, तो आपसूक आत गेला. चाचांनी त्यावर उभं राहून बघितलं, मग आईने, मग हर्षदने. मंडळाची माणसं वीसला यायची ती उद्याच येत आहेत.

चाचांनी सांगितलं नसेल म्हणून एक गोष्ट लिहितो. त्या दिवशी कारखान्यात रक्त सांडलं. सोळाव्या कापाला माझी डावी मूठ इतकी आवळली गेली की आतली एक बांगडी फुटली आणि काच तळहातात रुतली. मला कळलंही नाही. आईने लादीवरचे थेंब पाहिले. ती म्हणाली, ‘वाढवलीस ना एक?’ काळजी तिला बांगडीची होती. चाचा म्हणाले, पुढच्या खेपेला याच्या हातात काही देऊ नका.

अनिताने मला स्टूलावर बसवलं, काच काढली, हळद भरली आणि पट्टी बांधायला घेतली. तिची बोटं माझ्या तळहातावर फिरत होती. मी एकेक मोजत होतो. तिने विचारलं, काय पुटपुटताय? मी म्हटलं, काही नाही. दहा झाल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिला ते कळलं असावं, कारण तिने पट्टी सोडून पुन्हा सावकाश बांधली.

तुमचा,
सुजय